उतरून केलेलं वजन

या प्रवासात कुणाच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी बघून घेऊ. गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर, म्हणजे ट्रेलर, विकणाऱ्या डॅरेल पूलला त्याचं कमिशन मिळणार होतं, आणि पुढे जे व्हायचं ते झालं तरी त्याला ते मिळालंच. अर्डिथ वेर्थला तिची धाकटी बहीण भेटणार होती, नऊ वर्षांनी आणि बहुधा शेवटची. आणि अर्डिथच्या नवऱ्याला, एल्रॉयला, त्या धाकट्या बहिणीचं तोंड एकदाचं बंद करायला मिळणार होतं. लग्न झाल्यापासून ही मेहुणी, अल्विना, एकच टोमणा मारत आली होती, "आमच्या ताईनं जग बघितलं ते धान्याच्या कोठारापर्यंत. त्याच्या पुढे काही नवऱ्यानं नेलं नाही." तर कॅन्ससहून निघायचं, थेट ऑरेगनच्या समुद्राकाठी तिच्या दारात ट्रेलर उभा करायचा, टोपी काढायची आणि म्हणायचं, "घे तुझी ताई." एल्रॉयनं हे वाक्य मनात इतक्या वेळा म्हणून ठेवलं होतं की ते आता गुळगुळीत झालं होतं.

अर्डिथच्या नफ्यात नवऱ्यानं असा आपलाही थोडा नफा मिसळला होता. नवरे मिसळतातच. तक्रार करण्यासारखं त्यात काही नाही.

एल्रॉय आयुष्यभर सहकारी सोसायटीच्या वजनकाट्यावर होता. सुगीत गव्हानं भरलेला ट्रक काट्यावर यायचा, मग रिकामा होऊन परत यायचा, दोन आकड्यांतला फरक तो गहू. यात एक जुनी चलाखी होती. भरलेल्या ट्रकाचं वजन होताना शेतकरी आत बसून राहायचा आणि रिकाम्याचं होताना हळूच उतरून कॉफी प्यायला जायचा. लिओ फायफर नावाचा एक गलेलठ्ठ गृहस्थ तर दर सुगीला असा स्वतःला गव्हाच्या भावानं विकायचा, तोही दिवसातून दोन-तीनदा. एल्रॉय काट्यावर आला त्या दिवसापासून हा धंदा बसला. काट्यावर गाडी लागली की माणसानं खाली उतरायचं. चर्चचा गहू घेऊन आलेल्या पाद्रीबाबांनाही त्यानं उतरवलं होतं. पाद्रीबाबा म्हणाले, "एल्रॉय, माझ्यावरही विश्वास नाही?" तो म्हणाला, "तुमच्यावर आहे, फादर. तुमच्या पोटावर नाही."

काटा मारल्याचा आरोप त्याच्यावर कधी कुणी केला नाही. सगळा तालुका म्हणायचा की एल्रॉय म्हणेल ते वजन.

मग अर्डिथची मूत्रपिंडं थकली. तिच्या पोटाला एक नळी बसवली होती. झोपताना तिला एक लहानसं यंत्र जोडायचं आणि ते रात्रभर औषधाचं पाणी पोटात सोडायचं, काढायचं. त्या पाण्याचे खोके दर महिन्याला घरी येत, एकेक खोका बटाट्याच्या पोत्यासारखा जड. डॉक्टर म्हणाले, कुठे जायचं असेल तर या उन्हाळ्यात जाऊन या. पुढच्याचं मी सांगत नाही.

दवाखान्यातल्या नर्सनं सोपा रस्ता सुचवला होता. विमानानं जा, यंत्र हातात न्या, खोके कंपनी परस्पर बहिणीच्या घरी पोचवेल.

"परस्पर!" एल्रॉय घरी येऊन म्हणाला. "आणि नाही पोचवले तर? तिकडे जाऊन तुला काय समुद्राचं पाणी लावू?"

"लोक जातात रे तसे," अर्डिथ म्हणाली.

"लोकांचं लोकांपाशी. आपलं घर आपल्या मागे. आपला पलंग, आपलं यंत्र, आपले खोके. कुणाच्या हाताकडे बघायला नको."

अर्डिथनं वाद घातला नाही. तिला भेटीशी मतलब होता. बहिणींचा एक करार होता, एकदा तू ये, एकदा मी येते. मागच्या खेपेला अल्विना आली होती. पाळी अर्डिथची होती, आणि अल्विना फोनवर म्हणत होती, "मी पाळी सोडणार नाही हं, ताई. माझ्या खुब्याचं निमित्त आहेच, पण नसतं तरी आले नसते. तू ये." सगळा लाडाचा हट्ट. आजारी माणसाला कुणीतरी आजारी नसल्यासारखं वागवलं की बरं वाटतं, हे अल्विनाला कळत होतं.

डॅरेल पूलच्या आवारात ट्रेलर बघायला दोघं गेली तेव्हा डॅरेल त्यांच्या पिकअपच्या बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "साहेब, ही गाडी? ही नऊ हजार पौंड ओढते. याच्यापेक्षा मोठा ट्रेलर घ्या की. काकूंना ऐसपैस होईल."

"ओढेल," एल्रॉय म्हणाला. "पण पेलेल किती?"

"म्हणजे?"

एल्रॉयनं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि चौकटीवरची पट्टी दाखवली. ओढणं वेगळं आणि पेलणं वेगळं. ट्रेलरची दांडी पिकअपच्या ढुंगणावर टेकते, आणि तो भार पिकअपनंच अंगावर घ्यायचा असतो. त्यात मागच्या हौद्यातलं सामान. सगळं मिळून पिकअप सात हजारांच्या वर जाता कामा नये, असं ती पट्टी सांगत होती.

"साहेब, ते वकिलांनी लिहिलेलं असतं," डॅरेल म्हणाला.

"आणि तुझं ते नऊ हजारांचं पत्रक कुणी लिहिलं? तुझ्या आईनं?"

अर्डिथ हसली. डॅरेलही हसला. कमिशन थोडं कमी झालं होतं, बुडालं नव्हतं. एल्रॉयनं मधल्या मापाचा ट्रेलर घेतला आणि घरी येताना दोनदा म्हणाला, "मला शिकवतोय."

निघायच्या आदल्या दिवशी सगळं भरून गाडी सोसायटीच्या काट्यावर नेली. आता तिथे वेंडल होता, एल्रॉयच्याच हाताखाली शिकलेला. ट्रेलर जोडलेलाच ठेवून पिकअपची चार चाकं तेवढी काट्यावर घ्यायची, ट्रेलरची चाकं बाहेर. म्हणजे दांडीचा भार धरून पिकअपच्या अंगावर किती आलंय ते कळतं. खोके सगळे पिकअपच्या हौद्यात होते, आरशात बघितलं की दिसतील असे. बरोबर न्यायचे तीन आठवड्यांचे. परतीच्या वाटेवरचेसुद्धा. परस्पर काही नको.

"उतर," एल्रॉय म्हणाला.

"मी बसले तर नाही का चालणार?" अर्डिथ म्हणाली. "पाय सुजलेत रे."

"काट्यावर माणूस नको. एक मिनिटाचं काम."

ती उतरली. पायरी उंच होती, वेंडलनं धावत येऊन हात दिला. एल्रॉयही उतरला आणि नवराबायको काट्याच्या कठड्याबाहेर उभी राहिली. वेंडलनंही काही विचारलं नाही. कशाला विचारेल? त्याच्या गुरूनं त्याला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं.

"सहा हजार आठशे नव्वद," खिडकीतून वेंडल ओरडला. "एल्रॉय, अजूनही चोख आहात तुम्ही."

"म्हणजे अजून काही घेता येईल?" अर्डिथनं विचारलं.

"नाही. शिल्लक ती शिल्लक."

एल्रॉयला इतकं समाधान निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मिळालं. त्यानं अर्डिथला आत चढवलं, स्वतः चढला, दार लावलं. काटा तसाच खाली होता, गाडी तशीच वर होती. वेंडलनं एकदा मान वळवून आकड्याकडे पाहिलं असतं तर पुरे होतं. पण मागे गव्हाचा ट्रक लागला होता.

पहिल्या दिवशी संध्याकाळी अर्डिथ म्हणाली, "आपले दिवे रस्त्यावर पडायचे सोडून झाडांवर का पडतायत?"

"चढ आहे."

"या सपाट नेब्रास्कात कुठला आलाय चढ?"

पेट्रोल भरायला थांबले तेव्हा त्यानं चार पावलं मागे जाऊन गाडी पाहिली. पिकअपचा मागचा भाग बसला होता आणि नाक वर गेलं होतं, मागे जास्त भरल्यावर बैलगाडी उलाळ होते तशी. त्यालाही ते दिसलं. पण डोळे फसतात आणि काटा फसत नाही, या एका गोष्टीवर त्यानं आयुष्य काढलं होतं. तो गाडीत येऊन बसला.

"काय रे?"

"काही नाही. नव्या स्प्रिंगा आहेत, बसतील जागेवर."

"स्टिअरिंग फार फिरवायला लागतंय तुला."

"अर्डिथ, आकडा बघितलास ना तू?"

"बघितला बाई," ती म्हणाली आणि डोळे मिटून बसली. आपल्या नवऱ्याशी आकड्यांवरून भांडायचं नाही, हे तिनं लग्नाच्या पहिल्या वर्षीच ठरवलं होतं आणि त्यात तिचं आजवर काही नुकसान झालं नव्हतं.

वायोमिंगच्या पठारावर वारा होता. तो तिथे नेहमीच असतो. रस्त्यावरच्या फलकावर हलक्या आणि उंच गाड्यांसाठी इशारा होता. "आपण हलके नाही," एल्रॉय म्हणाला, आणि हे मात्र अगदी खरं होतं.

दुपारी एका लांब उतारावर शेजारून मोठा ट्रक गेला. तो जाईपर्यंत वारा अडला आणि तो गेल्यावर एकदम आदळला. ट्रेलर डावीकडे गेला, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, दर खेपेला जास्त. एल्रॉयनं स्टिअरिंग घट्ट धरलं, पण पुढची चाकं रस्त्याला नीट चिकटलेलीच नव्हती. बोथट चाकूनं टोमॅटो कापावा तसं झालं, दाबलं तरी लागेना. ट्रेलर कुंपण तोडून आडवा झाला आणि पिकअपला फरपटत खाली घेऊन गेला.

पिकअप तिरकी उभी राहिली. दोघं जिवंत होती. सीटच्या पट्ट्यानं अर्डिथच्या पोटाची नळी ओढली गेली होती. तिनं हात तिथे दाबून धरला होता आणि ती मागे बघत होती. खोके माळावर विखुरले होते, फुटलेल्या पिशव्यांतलं पाणी रानझुडपांच्या मुळाशी मुरत होतं. ट्रेलरचं छत उघडं पडलं होतं.

"यंत्र," ती म्हणाली.

"बघतो."

"राहू दे, एल्रॉय. इथून दिसतंय मला."

गस्तीचा पोलीस चांगला माणूस होता. "वारा, साहेब," तो लिहिता लिहिता म्हणाला. "सकाळी इथेच याच्या दुप्पट गाडी लोळवली त्यानं. तुमचा काही दोष नाही." कागदावर वारा लिहिला गेला.

जवळच्या शहरातल्या हॉस्पिटलात अर्डिथला तातडीनं मोठ्या यंत्राला लावायचं ठरलं. पोटाची नळी आता निकामी होती. मानेत सुई घालायची होती. त्याआधी नर्सनं तिला हाताला धरून काट्यावर उभं केलं. या आजारात सारखं वजन करतात, अंगात पाणी किती साचलंय ते बघायला. घरीही रोज सकाळी अर्डिथ न्हाणीघरातल्या काट्यावर उभी राहायची आणि एल्रॉय वाकून आकडा वाचायचा, कारण तिला पोटामुळे वाकता येत नव्हतं.

"एकशे एकतीस पौंड," नर्स म्हणाली.

एल्रॉय भिंतीशी खुर्चीवर बसला होता. एकशे एकतीस. सवयीनं त्याच्या डोक्यानं तो आकडा उचलला आणि कुठेतरी मांडायला नेला. मांडायला जागाच सापडेना. सहा हजार आठशे नव्वद. त्यात खोके होते, दांडी होती, हत्यारांची पेटी होती, पेट्रोल होतं. त्यात ती नव्हती. मग त्याला आठवलं की तोही नव्हता, आणि तो तर दोनशे पौंडांच्या वर होता. पट्टीच्या हिशेबात गाडीत बसलेलं माणूस धरायचं असतं. हे त्याला माहीत होतं. डॅरेलला दार उघडून दाखवताना पट्टीवरचा पहिला शब्द तोच होता, माणसं. आणि तरी काट्यावर गेल्यावर त्याच्या तोंडून निघालं होतं ते, उतर.

तो उठून बाहेर गेला. व्हरांड्यात पाणी प्यायला, परत आला, पुन्हा बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी अर्डिथला जरा बरं वाटल्यावर तीच आधी बोलली.

"एल्रॉय, मला काहीतरी सांगायचंय. रागावू नकोस."

"काय?"

"काटा झाल्यावर मी बारा बरण्या ठेवल्या. सीटखाली. रानप्लमच्या जेलीच्या. अल्विनाला आवडते म्हणून. तू शिल्लक ती शिल्लक म्हणाला होतास. माझ्यामुळे झालं सगळं."

"बरण्यांनी काही होत नाही."

"माझी समजूत काढू नकोस. मूठभर गहू सांडला तरी काट्याला कळतो, तूच सांगायचास."

आता गप्प बसला असता तर खपून गेलं असतं. बायकोच्या खात्यावर बारा बरण्या, वाऱ्याच्या खात्यावर बाकीचं. एल्रॉयला ही वाट दिसली. तिकडे त्यानं पाहिलंही, जितका वेळ पाहायला नको होतं तितका वेळ.

"अर्डिथ," तो शेवटी म्हणाला, "आपण उतरलो होतो."

"कुठे?"

"काट्यावर. मी तुला उतरवलं. गाडीचं वजन केलं ते आपल्याला सोडून. आपण दोघं धरली तर गाडी केव्हाच वर गेली होती. बरण्या तू ठेवल्यास नसत्यास तरी."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग ती हसायला लागली. मानेतल्या नळीला धक्का लागेल म्हणून नर्स धावत आली, तरी हिचं हसू थांबेना. "पाद्रीबाबांना उतरवलंस," ती म्हणाली, "लिओ फायफरला उतरवलंस, आणि..." पुढे तिला बोलता येईना. हसता हसता कधीतरी ती रडायला लागली, आणि एल्रॉयला फरक कळला तो बऱ्याच उशिरा.

नंतर चादरीवरचा त्याचा हात धरून ती म्हणाली, "अल्विनाला सांगायचं नाही. वारा होता म्हणायचं. नाहीतर ती तुला मरेपर्यंत सोडायची नाही."

"बरं."

"शपथ घे."

त्यानं घेतली.

ऑरेगन राहिलं. अर्डिथला रुग्णवाहिकेतून घरी आणलं. पोटात पुन्हा नळी बसेना, तिथे जंतू झाले होते. आता आठवड्यातून तीनदा शहरात जाऊन मोठ्या यंत्राला लागायचं होतं, त्यामुळे कुठे जायचा प्रश्नच मिटला. बहिणी रोज फोनवर बोलत. अल्विनाच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, प्रवासाची परवानगी मिळायची होती. "नाताळात येते," ती म्हणायची. "पाळी गेली खड्ड्यात." अर्डिथ म्हणायची, "ये. पण मोजून ठेव, माझ्याकडे दोन पाळ्या राहिल्या."

नोव्हेंबरात, पहिलं बर्फ पडायच्या आधी, अर्डिथ गेली. यंत्रावरच, दुपारी, खुर्चीत. एल्रॉय गाडी पार्क करून वर येत होता.

अल्विना काठी टेकत आली. सगळा विधी तिनं ताठ बसून पार पाडला. लोक गेल्यावर स्वयंपाकघरात दोघंच उरली. चर्चच्या बायकांनी कोबी आणि खिमा भरलेले पाव आणून ठेवले होते. कुणी हात लावला नव्हता.

"मी पाळी मोजत बसले," अल्विना म्हणाली. तिचा आवाज फोनवरच्यासारखा नव्हता. "ती आजारी होती आणि मी पाळी मोजत बसले. मी हट्ट धरला नसता तर ती त्या वाऱ्यात गेलीच नसती. घरी तिचं ते लहान यंत्र चाललं असतं. अजून वर्ष दोन वर्षं."

एल्रॉय टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा करत होता. शपथ त्यानं घेतली होती. पण त्या शपथेपायी आता जे ओझं पडत होतं, ते काठी टेकून आलेल्या या बाईवर पडत होतं.

"वारा नव्हता," तो म्हणाला.

त्यानं सगळं सांगितलं. काटा, वेंडल, आकडा, उतर म्हणालो ते. झाडांवर पडणारे दिवेसुद्धा. एल्रॉयला वाटलं होतं ती ओरडेल. तो त्यासाठी बसून होता. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तिला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"काय म्हणाली?"

"हसली."

अल्विनानं मान हलवली. "हसणारच. तिनं कुणाला काही म्हटलंय का कधी?" मग, त्याच्याकडे न बघता, "पाय सुजलेत म्हणाली होती ना?"

"हो."

"मी असते तर उतरले नसते, एल्रॉय. तू म्हणाला असतास उतर, आणि मी म्हणाले असते, मर. तशीच बसले असते मी त्या गाडीत, आणि तुझा आकडा बरोबर आला असता. ती मात्र सांगितलं की उतरायची."

सकाळी वेंडल तिला विमानतळावर सोडायला आला. तिनं एल्रॉयच्या गाडीतून जायला नकार दिला नव्हता, विचारायची वेळच येऊ दिली नव्हती. नाताळात त्यानं कार्ड पाठवलं. उत्तर आलं नाही. ईस्टरला पाठवलं, तेही तसंच.

हिशेब एवढाच राहिला. ट्रेलरचे पैसे विमा कंपनीनं भरले, कारण कागदावर वारा होता. तुटलेलं कुंपण रस्तेवाल्यांनी आपल्या खर्चानं नीट केलं. अर्डिथनं आपल्या वाट्याचं भरलं ते बहिणीच्या भेटीनं, आणि त्यावर आयुष्याची एक-दोन वर्षं. अल्विनानंही तीच भेट भरली, वर एकुलती एक बहीण. एल्रॉयकडे कुणीच काही मागितलं नाही.